हीटर बंदच झाला नाही: एका सकाळीत गेलेल्या टाकीबद्दल

तुमची हकीकत दोनदा वाचली. आधी ती माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलीय का ते तुम्हाला बघता येईल. नाशिकला तुमची माशांची तीन फुटी टाकी आहे, पाणी साधारण 110 लिटर. त्यात चार एंजल, बारा नियॉन टेट्रा, तळाशी फिरणाऱ्या सहा कोरी, दोन पर्ल गुरामी आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर. तीन वर्षांपूर्वी घेतलेला 300 वॅटचा हीटर 26 अंशांवर लावलेला. लग्नासाठी तुम्ही सगळे दोन दिवस जळगावला गेलात. रविवारी दुपारी दोनला घर उघडलंत तेव्हा पाणी 36 अंशांवर, हीटरचा दिवा तसाच पेटलेला. नियॉन, कोरी आणि दोन एंजल मेलेले. उरलेले दोन एंजल पृष्ठभागाशी धापा टाकत होते. तुम्ही घाबरून नळाच्या थंड पाण्याच्या दोन बादल्या ओतल्यात, आणि तासाभरात तेही गेले. राहिले गुरामी आणि सकर.

तुम्ही विचारलंय: यात दोष माझा का? ते दोन एंजल मी पाणी ओतून मारले का? नऊ वर्षांच्या मुलाला 'काही मासे आजारी आहेत' एवढंच सांगितलंय, आता त्याला काय सांगू? आणि टाकी परत लावू की विकून टाकू?

मी ठाण्यात वीस वर्षं टाक्या बसवतो आणि सांभाळतो. घरं, दवाखाने, दोन-तीन ऑफिसं. हीटरने उकडलेल्या, फिल्टर बंद पडून गुदमरलेल्या, जोड उसवून रात्रीतून रिकाम्या झालेल्या, सगळ्या तऱ्हेच्या टाक्या पाहिल्यात, आणि त्यातली एक माझी स्वतःची होती. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

सगळ्यात आधी जे जिवंत आहेत त्यांचं बघू, कारण दोषाचा विचार दोन दिवस थांबू शकतो, गुरामी थांबणार नाहीत. मेलेला एकही मासा झाडांमागे, दगडाखाली, फिल्टरच्या तोंडाशी राहिलेला नाही ना, हे मोजून बघा. बारा नियॉन म्हणजे बारा मिळायला हवेत. एक जरी आत कुजत राहिला तरी पाण्यात अमोनिया वाढतो, आणि पाणी गरम व पीएच जास्त असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच 8 च्या पाण्यात 25 अंशांवर जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट 35 अंशांवर असतो. रोज पाव टाकी पाणी बदला, अँटीक्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध, घालून आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच कोमट पाण्याने. दोन दिवस खायला काहीही घालू नका. अमोनिया तपासायचं साधं किट आणा आणि आठवडाभर रोज बघा. फिल्टर चालू ठेवा, त्यातला स्पंज नळाखाली धुऊ नका. 36 अंशांनी फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणू सगळे मरत नाहीत, नळाच्या क्लोरीनने मात्र उरलेले मरतील. आणि दुकानदार निळं औषध देईल, ते ओतू नका. तुमचे मासे आजारी नाहीत, दमलेले आहेत. त्यांना स्वच्छ पाणी आणि हवा हवी.

आता मूळ गोष्ट. तुमच्या लिहिण्यात 'हीटर खराब निघाला' हे तीनदा आलंय. पण हीटर खराब होणारच. पाण्यात बुडवलेली, दिवसातून वीस-पंचवीस वेळा चालू-बंद होणारी ती वस्तू आहे. बहुतेक साध्या हीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. पाणी गार झालं की ती वाकून टोकाला टोक लावते आणि वीज सुरू होते, गरम झालं की सुटते. प्रत्येक वेळी त्या टोकांत बारीक ठिणगी पडते. हजारो ठिणग्यांनंतर टोकं खडबडीत होतात आणि एक दिवस चिकटतात. चिकटली की हीटरच्या दृष्टीने पाणी कायम गारच असतं. तुमच्याकडे हेच झालंय, दिवा पेटलेला राहिला यावरून ते स्पष्ट आहे. हे भल्या कंपनीच्या हीटरचंही होतं, स्वस्त हीटरचं लवकर होतं, एवढाच फरक.

म्हणून मी नव्या गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच विचारायला लावतो: ही वस्तू बिघडली तर काय करेल, आणि मला कळेपर्यंत किती वेळ मिळेल? बिघाड आणि मरण यांच्यामधला वेळ वाढवणं, आमच्या कामाचा निम्म्याहून जास्त भाग हाच आहे. तुमच्या टाकीत तो वेळ फार थोडा होता. का, ते आकड्यांत दाखवतो.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल लागतात. तुमच्या 110 लिटरला सुमारे 460. 300 वॅटचा हीटर तासाला 1080 किलोज्यूल देतो. म्हणजे उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तासाला सव्वादोन अंश. काच आणि पृष्ठभाग यांतून उष्णता जातेच, म्हणून प्रत्यक्षात तासाला दीड अंशाच्या आसपास. 26 वरून 36 वर जायला सहा-सात तास.

या हिशेबातून एक गोष्ट निघते जी तुमच्या ध्यानात आली नसावी. हीटर तुम्ही निघालात तेव्हापासून चिकटलेला नव्हता. तसा असता तर दोन दिवसांत पाणी चाळिशीच्या वर गेलं असतं आणि गुरामीही उरले नसते. तुम्ही दुपारी दोनला 36 पाहिलं, म्हणजे तो त्याच दिवशी सकाळी, पहाटेच्या थंडीत, सलग बराच वेळ चालत असताना चिकटला. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या कुणी डोकावून पाहिलं असतं तर त्याला 26 च दिसलं असतं, आणि तो सगळं ठीक आहे म्हणून दार लावून गेला असता. तुम्ही लिहिलंय की 'एक दिवस आधी आलो असतो तर.' पण तोच हीटर एखाद्या सोमवारी सकाळी, तुम्ही ऑफिसात असतानाही चिकटू शकला असता. जळगावला जाण्याचं ओझं डोक्यावरून उतरवा. ते तुमचं नाहीच.

मग तुमचं काय? 300 वॅट. हे मी आडपडदा न ठेवता सांगतो, कारण तुम्ही खरं विचारलंय. 'मोठा घ्या, लवकर तापवेल, वीज कमी खाईल' असं दुकानात सांगतात आणि आपण घेतो. लिटरला एक वॅट हा नियम थंड देशांतल्या पुस्तकांतून आलाय. आपल्याकडे त्याच्या पलीकडे तर कधीच जायचं नाही. माझ्या अनुभवात तुमच्या मापाची, वर झाकण असलेली टाकी 100 वॅटचा हीटर अखंड चालू राहिला तरी खोलीपेक्षा दहा-बारा अंशच वर जाते आणि तिथे थांबते. थंडीतल्या नाशिकच्या घरात खोली 16-17 अंश धरा. म्हणजे 100 वॅटचा हीटर चिकटून दोन दिवस राहिला असता, तर टाकी 28-29 ला जाऊन थांबली असती. एकही मासा गेला नसता. तुम्ही परत येऊन 'आज पाणी जरा कोमट लागतंय' एवढं म्हणाला असतात.

चूक म्हणायची तर ती ही. पण ती माहीत नसण्याची चूक आहे, आणि ती तुम्हाला विकणाऱ्याने सांगायला हवी होती. हलगर्जीपणा याला मी म्हणणार नाही. तीन वर्षं कोरी आणि नियॉन एका टाकीत निरोगी ठेवणारा माणूस हलगर्जी नसतो.

आता त्या दोन एंजलबद्दल. याचं ठाम उत्तर नाही. ते पाणी किती गार होतं, क्लोरीन किती होतं, मासे आधीच किती वेळ त्या अवस्थेत होते, यावर अवलंबून आहे. जे घडलं ते असं असावं. समुद्रसपाटीवर 26 अंशांच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, 36 अंशांवर पावणेसातच्या आसपास, आणि नाशिक उंचावर असल्याने त्याहूनही थोडा कमी. नुसता हा फरक फार वाटत नाही. पण पाणी दहा अंशांनी तापलं की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. शिवाय आधी मेलेले मासे कुजू लागलेले, तोही ऑक्सिजन खातो. मागणी दुप्पट, पुरवठा कमी. एंजल धापा टाकत होते ते यामुळे. तुम्ही पोहोचलात तेव्हा त्यांचे कल्ले कित्येक तास या अवस्थेत होते. असे मासे मी योग्य पद्धतीने गार करूनही गेलेले पाहिलेत. वाचलेलेही पाहिलेत. तापमानाची एकदम झालेली घसरण आणि क्लोरीन यांनी मदत केली नाही, हे खरं. तुम्ही ओतलं नसतं तर ते जगले असते, असं मात्र मला म्हणवत नाही.

पुढच्या वेळी, म्हणजे कधी अशी वेळ आलीच तर, क्रम असा. प्लग आधी काढायचा, हात पाण्यात नंतर घालायचा. तापलेल्या हीटरची काच तडकलेली असू शकते आणि त्यातून पाण्यात वीज उतरलेली असू शकते. हीटर लगेच पाण्याबाहेर काढायचा नाही, पंधरा-वीस मिनिटं तसाच निवू द्यायचा. मग हवा: ज्याला आपण ऑक्सिजनची मोटर म्हणतो तो एअर पंप पूर्ण जोरात, फिल्टरची धार उंचावरून पडेल अशी. मग झाकण काढून पंखा पृष्ठभागावर. मग मेलेले मासे बाहेर. आणि यानंतर थंडावा, बर्फ बंद पिशवीत घालून पाण्यावर तरंगता ठेवून किंवा अँटीक्लोरीन घातलेलं पाणी तांब्या-तांब्याने. तासाला एक-दोन अंश उतरले की पुरे. पाणी ओतण्याच्या आधी हवा, हे लक्षात राहिलं तरी बरेच मासे वाचतात.

गुरामी का वाचले असंही तुम्ही विचारलंय. गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीघडीचा अवयव असतो, त्याने तो तोंड वर काढून सरळ हवा घेतो. फायटर माशातही तोच असतो. सकर हवा गिळून जठरातून ऑक्सिजन घेऊ शकतो. कोरीही हवा गिळते, आतड्यातून घेते, तरी ती गेली, कारण ती मुळात थोड्या गार पाण्याची, 22 ते 26 मध्ये रमणारी. तिला हवेची कमतरता नडली नसेल, उष्णता नडली. नियॉनचंही तसंच, लहान शरीर आणि गार पाण्याची सवय. म्हणजे कोण जगलं आणि कोण गेलं हे तुमच्या प्रेमावर ठरलं नाही, त्यांच्या शरीराच्या घडणीवर ठरलं.

एक विनंती मध्येच करतो. टाकी बंद करायची ठरवलीत तर सकर आणि गुरामी नदीत, तळ्यात सोडू नका. पुण्याचं काम म्हणून लोक सोडतात. सकर देशातल्या कित्येक नद्यांमध्ये असाच पसरलाय आणि तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठलाय. दुकानात परत द्या किंवा कुणा शौकिनाला द्या.

आता माझी टाकी. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळी दहाच्या सुमारास एकदम गेली, तुम्हाला बातमी आठवत असेल. माझ्या घरी पाच फुटी टाकीत ऑस्कर जातीच्या मोठ्या माशांची जोडी होती, आठ वर्षांची. बोटभर होते तेव्हा आणलेले. दारात माझी चाहूल लागली की काचेला तोंड लावायचे. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या टाक्यांकडे धावत होतो. दवाखान्यातल्या टाकीला बॅटरीचा पंप, एका आजोबांच्या टाकीला मगाने पाणी वर-खाली करायला माणूस बसवून दिला. घरच्यांना फोन करून सांगितलं की ऑस्कर मोठे आहेत, टाकी मोठी आहे, काही होत नाही. आमच्या भागात वीज संध्याकाळी उशिरा आली. कॅनिस्टर फिल्टर आपोआप सुरू झाला. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा, त्यात पाणी फिरायचं थांबलं की आतले जिवाणू काही तासांत असलेला ऑक्सिजन संपवतात, मरायला लागतात, आणि आतली घाण सडते. ते सडलेलं काळं पाणी फिल्टरने सरळ टाकीत फेकलं. मी साडेनऊला घरी आलो तेव्हा मादी तळाशी आडवी होती. नर पहाटे गेला.

वीज जाण्याने ते मेले नव्हते, वीज परत आल्याने मेले. आणि हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या घरी फोन करून मी स्वतः सांगत होतो की फिल्टरचा प्लग काढून ठेवा, वीज आल्यावर आधी आतला स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मगच सुरू करा. माझ्या घरी सांगायचं राहिलं. म्हणून तुमचं 'मला सुचायला हवं होतं' हे वाक्य मला आतून कळतं. ते काही दिवसांत जात नाही. मला त्या रिकाम्या टाकीसमोरून जायला तीन महिने जड गेलं. 'मासेच तर होते, दुसरे आण' असं मलाही म्हणाले, आणि माझं तर पोट याच्यावर चालतं. आठ वर्षं रोज सकाळी ज्याला बघून दिवस सुरू होतो ते जनावर गेलं की घरात एक जागा रिकामी होते. तुमच्या पत्नींना हसू आलं असेल तर त्यांच्यावर रागावू नका, पण तुमचं दुःख लहान आहे असंही मानू नका.

मला त्या दिवसांत दोन गोष्टींनी आधार दिला. पहिली, मी सगळं वहीत लिहून काढलं: किती वाजता काय झालं, कुठे काय वेगळं करता आलं असतं. डोक्यात तीच रात्र गोल गोल फिरत होती, कागदावर उतरल्यावर तिला सुरुवात आणि शेवट मिळाला. तुम्हीही लिहा. दुसरी, 2005 मधली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या मत्स्यालयाची गोष्ट. कतरिना वादळानंतर तिथला जनरेटर बंद पडला, कर्मचाऱ्यांना इमारत सोडावी लागली आणि दहा हजारांच्या आसपास माशांपैकी बहुतेक गेले. पगारी तज्ज्ञ, जनरेटर, सगळं असून. पुढच्या वर्षी त्यांनी ते मत्स्यालय परत उघडलं. मी आठवत राहायचो की त्या माणसांनाही कुणी तरी पहिल्या दिवशी त्या इमारतीत पाठवलं असेल, आणि त्यांनी एकेक टाकी रिकामी केली असेल.

परत लावायची असेल तर व्यवस्था कशी करावी ते सांगतो. तुमच्या घरची वायरिंग, इन्व्हर्टर आहे का, खोली किती गार होते, यावर थोडा फरक पडेल.

तो 300 वॅटचा हीटर फेकून द्या, दुरुस्त करू नका, कुणाला देऊही नका. 50 वॅटचे दोन घ्या, टाकीच्या दोन टोकांना. एक चिकटला तरी तो एकटा टाकी उकडू शकत नाही. एक मेला तर दुसरा पाणी अगदी गार होऊ देत नाही, आणि मासे थोडे सुस्त झाले तरी तुम्हाला एक-दोन दिवस मिळतात. नवा हीटर आणल्यावर सरळ टाकीत घालत नाही मी. बादलीत पाणी, थर्मामीटर, आणि दोन दिवस चालवून बघतो. बंद होतो का, किती अंशावर होतो. पाठीवर मार्करने तारीख लिहितो. दोन हिवाळे झाले की चांगला चालत असला तरी बदलतो. लोकांना हे उधळेपणाचं वाटतं, पण एका एंजलच्या किमतीत येणारी वस्तू आहे ती.

आणखी एक सवय. होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात ना, तर होळीला मी प्रत्येक टाकीतला हीटर काढून, पुसून, कपाटात ठेवतो. उन्हाळ्यात खोलीच 33-34 अंश असते, तेव्हा 50 वॅटचा हीटर चिकटला तरी घात करेल. दिवाळीनंतर परत बादलीत तपासून मग आत.

यावर बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर, म्हणजे पाण्याचं तापमान बघून हीटरची वीज चालू-बंद करणारं यंत्र, लावला तर उत्तम. एसटीसी-1000 या नावाने जो मिळतो तसला साधा चालतो, फक्त जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. हीटर 28 वर ठेवायचे, कंट्रोलर 26 वर. म्हणजे रोजचं काम कंट्रोलर करेल, आणि तो चिकटला तर हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 28 ला थांबवेल. दोघं एकदम बिघडणं फार दुर्मीळ. कंट्रोलरचा सेन्सर काचेला घट्ट बसवा, वायर बांधून टाका. सेन्सर पाण्याबाहेर पडला तर त्याला खोलीची हवा लागते, आणि त्याला वाटतं पाणी गार आहे. मी असं दोनदा पाहिलंय, एकदा मांजरामुळे.

विजेचं थोडक्यात. घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर आणि एअर पंप त्या लाईनवर घ्या, हीटर घेऊ नका, तो बॅटरी खाऊन टाकेल. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप घ्या, दीड-दोन वॅटचा. दहा हजार एमएएचच्या पॉवरबँकेवर रात्र आरामात निघते. पण आधी घरी चालवून बघा, काही पॉवरबँका एवढ्या कमी लोडवर आपोआप बंद होतात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलटा न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंप आणि फरशी दोन्ही भिजतात. वायरला प्लगच्या खाली झोल ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी झोलातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीच्या सॉकेटला आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाईन तोडणारा स्विच, हवाच. तो तुमच्या मुलासाठी आहे, माशांसाठी नाही. तो ट्रिप झाला तर टाकीची सगळी वीज जाते, म्हणून बॅटरीचा पंप त्याच्या जोडीला.

मोबाईलवर सूचना देणारे थर्मामीटर मिळतात. चांगले आहेत, पण घरची वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की सूचना बंद. त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. माझा भरवसा किल्ली असलेल्या शेजाऱ्यावर जास्त आहे. त्याला माशांतलं काही कळायला नको. थर्मामीटरवर 29 च्या रेषेशी लाल चिकटपट्टी लावा, हीटरच्या प्लगलाही तशीच लाल पट्टी, आणि कागदावर एवढंच लिहा: 'आकडा लाल पट्टीच्या वर गेला असेल तर लाल प्लग काढा आणि मला फोन करा.' सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी. वर दाखवलं तसं ही फेरी प्रत्येक बिघाड पकडेलच असं नाही. पण हीटर लहान असेल तर बिघाड सावकाश पुढे सरकतो, आणि सावकाश सरकणारा बिघाड फेरीत सापडतो. म्हणून हे दोन्ही एकत्र हवं. खायला मात्र त्याला घालू देऊ नका. मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी मजेत राहतात, शेजाऱ्याने प्रेमाने ओतलेल्या मूठभर दाण्यांनी टाकी नासते.

आणि मासे आधीपेक्षा कमी. कमी मासे म्हणजे तेवढाच ऑक्सिजन जास्त वेळ पुरतो. तुमच्या टाकीत चार एंजल मोठे झाल्यावर दाटीच झाली असती.

मुलाबद्दल सगळ्यात शेवटी लिहितोय, कारण मला त्यावर जास्त विचार करावा लागला. 'आजारी आहेत' हे आजच दुरुस्त करा. त्याला मोजता येतं, रोज टाकीसमोर बसतो असं तुम्हीच लिहिलंय. त्याला बहुतेक कळलंयच, आणि तुम्ही सांगण्याची तो वाट बघतोय. गुपचूप तसेच एंजल आणून सोडायचा विचार मनात असेल तर तो सोडा. माझ्या एका गिऱ्हाइकाने तसं केलं होतं. मुलीने पहिल्या मिनिटात ओळखलं की पट्ट्या वेगळ्या आहेत, आणि मग पुष्कळ दिवस ती बापाच्या कुठल्याही गोष्टीवर 'खरंच का' म्हणायची. सरळ सांगा: हीटर बिघडला, बंद व्हायला हवा होता तेव्हा झाला नाही, पाणी फार तापलं आणि मासे मेले. मी घाबरून पाणी ओतलं, ते बरोबर होतं की नाही मला नक्की माहीत नाही. यात तुझं काही चुकलं नाही. हे शेवटचं वाक्य मुद्दाम बोलून दाखवा. शुक्रवारी निघताना त्याने दाणे जास्त टाकले होते असं तुम्ही सहज लिहून गेला आहात. तो मनात तेच धरून बसला असेल.

मासे फ्रीजरमध्ये ठेवलेत ते चांगलं केलंत. त्याला सोबत घेऊन कुंडीत किंवा अंगणात जास्वंदीच्या मुळाशी वीतभर खोल पुरा. त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या. नंतर तो चिकटलेला हीटर, अर्थात प्लग कापून, त्याच्या हातात द्या आणि आतली पट्टी दाखवा. मुलांना बिघाड डोळ्यांनी दिसला की तो कुणाचा तरी राग किंवा शिक्षा वाटत नाही.

परत लावायची का, हे आत्ता ठरवू नका. गुरामी आणि सकर आहेतच, म्हणजे टाकी बंद झालेली नाही. तीन-चार आठवडे अमोनिया शून्य दिसला, थंडी ओसरली, की घरातल्या तिघांनी बसून बोला. नको असं ठरलं तरी त्यात हार नाही. हवं असं ठरलं तर सहा कोरींपासून सुरुवात करा, एंजल नंतर. एक नवी वही आणा, रोज सकाळी थर्मामीटर बघून आकडा लिहायचं काम मुलाकडे द्या. माझ्याकडच्या दोन टाक्या अशा मुलांच्या नोंदीमुळे वाचल्यात, मोठ्या माणसांच्या नजरेतून सुटलेला एक अंशाचा फरक त्यांनी पकडला होता.

बुधवारी दोन दिवसांचा उपास संपेल. तेव्हा गुरामींना चिमूटभर खायला घाला, त्याच्याच हातून.